मुलाखतीला जाताना यंत्र झाकू का?

ताई,
मी 24 वर्षांची आहे, धायरीत आईवडिलांबरोबर राहते. तीन वर्षांची असताना मोठा ताप आला आणि दोन्ही कानांचं ऐकणं जवळजवळ गेलं. कानामागची यंत्रं लावते, समोरच्याचे ओठ वाचते, बोलते. माझं बोलणं थोडं वेगळं येतं, पण कळतं. बी.कॉम. झाले, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला, ओळखीच्या एकांकडे दीड वर्ष बिलं आणि रिटर्नची कामं केली. गेल्या सात महिन्यांत 11 ठिकाणी अर्ज केले. हिंजवडीच्या एका कंपनीत पहिली फेरी फोनवर होती. 'लेखी घ्याल का' असा मेल केला, उत्तरच आलं नाही. बाणेरला मुलाखत झाली, पण साहेबांनी सगळे प्रश्न पप्पांना विचारले. 'मुलगी आहे, त्यातून ऐकू येत नाही, उशीर झाला तर जबाबदारी कोणाची?' मार्केट यार्डातल्या पेढीवर 16,000 ची जागा होती, मला 8,000 सांगितले. म्हणाले, 'तुम्हाला घरचं आहेच की.' आई म्हणते, पुरे झालं, आता लग्नाचं बघू. येत्या गुरुवारी एरंडवण्यात एका सीए फर्ममध्ये मुलाखत आहे. मैत्रीण म्हणते, केस मोकळे सोड, यंत्र दिसणार नाही, आधी नोकरी पदरात पाडून घे. तसं करू का?
धायरीची एक वाचक

अगं, गुरुवार तोंडावर आलाय म्हणून उत्तर आधी देते. झाकू नकोस. केस कसे ठेवायचे ते तुझं तू ठरव, मोकळे आवडत असतील तर मोकळे सोड. पण ऐकू येत नाही ही गोष्ट दडवून आत जाऊ नकोस.

मैत्रिणीचं म्हणणं मला कळतं. 11 नकार पचवलेल्या मुलीला 'खरं बोलावं' असं सांगून मोकळं होणं मला जमणार नाही. माझं कारण व्यवहाराचं आहे. समज, दडवून नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मागून हाक मारेल आणि तू वळणार नाहीस. साहेब कागदात मान घालून 'सात हजार' म्हणतील आणि तू 'साठ' समजशील. ओठांवर सात आणि साठ सारखेच दिसतात, पान, बाण आणि मानही सारखेच दिसतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हिशेबात तशी चूक निघाली की ती कोणी कानाच्या खात्यावर टाकणार नाही, मुलीला काम येत नाही असंच म्हणतील. शिवाय रुजू होताना बऱ्याच ठिकाणी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यावर खोटं लिहिलंस तर तुला काढायला त्यांच्या हातात आयतं कारण येईल. आणखी एक गोष्ट आहे. कायद्याने तुला कामाच्या जागी काही सोयी मागायचा हक्क दिलाय. मालकाला तुझी अडचण माहीतच नसेल तर तो हक्क तू कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून सांगायचं. मात्र कसं सांगायचं यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'सर, मला ऐकायला कमी येतं, पण मी प्रयत्न करीन' असं बहुतेक मुली खालमानेने सांगतात. या वाक्यात समोरच्याला फक्त अडचण ऐकू जाते. ती कशी सुटते ते त्याला माहीत नसतं, म्हणून तो स्वतःच्या मनाने कल्पना करू लागतो, आणि त्याची कल्पना नेहमी वाईटाकडेच जाते.

हे मी कशावरून सांगते? मी 22 वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी कार्मिक विभागात होते. 1997 साली टायपिस्टच्या जागेसाठी राजगुरुनगरहून एक मुलगी आली होती. पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर, म्हणजे आधाराची धातूची पट्टी. एसटीने आली, स्टॉपपासून गेटपर्यंत चालत आली. त्या दिवशी आलेल्या सगळ्यांत टायपिंग तिचं चांगलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'जिना चढण्यास अडचण. कार्यालय पहिल्या मजल्यावर.' आणि तिचा कागद बाजूला ठेवला. मला तेव्हा मनापासून वाटलं होतं की मी तिची काळजी घेतेय. मुलाखतही पहिल्या मजल्यावरच होती. ती तो जिना चढूनच माझ्यासमोर येऊन बसली होती. 'रोज चढायला जमेल का' एवढं विचारायचंही माझ्या मनात आलं नाही. खाली स्टोअरशेजारी एक टेबल रिकामं होतं. टाइपरायटर तिथे हलवायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागली असती. अपंगांसाठीचा 1995 चा कायदा तेव्हा लागू झालेला होता, आमच्या विभागात तो कोणी उघडूनही पाहिला नव्हता.

ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. तिला कुठे काम मिळालं का, मला कळलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

बाणेरचे साहेब काय किंवा 1997 सालची मी काय, आम्ही कोणी तुझं वाईट चिंतणारी माणसं नव्हतो. पण काळजीच्या नावाखाली आम्ही तुमच्या वतीने परस्पर निर्णय घेतला, आणि कायद्याच्या भाषेत त्याला भेदभाव म्हणतात.

आता तो कायदा बघ. 1995 चा जाऊन दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 आला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. जुन्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात 21 आहेत. बोलण्याच्या पट्टीतलं ऐकणं दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त गेलेलं असेल तर कर्णबधिर, 60 ते 70 च्या दरम्यान असेल तर ऐकण्यास कठीण जाणारी व्यक्ती, असे त्यात दोन गट केलेत. तुझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या कागदावर, तो आकडा असेल, पाहून ठेव. याच कायद्याने भेदभावाच्या व्याख्येत एक गोष्ट स्पष्ट लिहून घातली आहे: वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभाव. वाजवी म्हणजे मालकावर बेसुमार भार पडणार नाही अशी सोय. फोनऐवजी लेखी प्रश्न पाठवणं यात कुठला भार आला?

तेव्हा तुझ्या तीन प्रकरणांत सगळ्यात पक्कं प्रकरण हिंजवडीचं आहे, आणि तुला वाटत असेल की तिथे तर काहीच घडलं नाही. अगं, तू सोय मागितलीस ती लेखी मागितलीस. तुझा मेल तारखेसकट तुझ्याकडे आहे. तो पुसू नकोस. त्याच मेलखाली आणखी एक छोटा मेल लिही: अमुक तारखेला मी लेखी फेरीची विनंती केली होती, तिचं काय ठरलं ते कळवावं, तसंच आपल्या कंपनीचं समान संधी धोरण मला पाहायला मिळावं. ही शेवटची ओळ मुद्दाम टाक. प्रत्येक आस्थापनेनं असं धोरण जाहीर केलं पाहिजे आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवली पाहिजे असं कायदा सांगतो. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी कंपनीने तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी कोणती पदं योग्य, कोणत्या सोयी दिल्या जातील आणि या कामासाठी संपर्क अधिकारी कोण, हेही लिहायचं असतं. हिंजवडीच्या त्या कंपनीत वीस माणसं नक्कीच असतील.

पंधरा दिवस थांब. उत्तर नाही आलं तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार कर. हे कार्यालय अख्ख्या महाराष्ट्राचं, पण आहे आपल्या पुण्यातच, कॅम्पात चर्च रोडवर. गडचिरोलीच्या मुलीला जे दूर पडतं ते तुला बसने गाठता येतं. अर्ज, मेलच्या छापील प्रती, जाहिरात, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, एवढं पुरे. समन्स काढायचे, कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्या वेळी 10,000 पर्यंत दंड, पुन्हा मोडला तर 50,000 ते पाच लाखांपर्यंत. वकिलाचा खर्च कसा झेपणार अशी भीती वाटत असेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्री म्हणून आणि दिव्यांग म्हणून, दोन्ही कारणांनी तुला तिथे मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा 15100 हा क्रमांक आहे, पण फोनचा तुला उपयोग नाही आणि तुझ्या वतीने वडिलांनी फोन करत बसावं असंही मला वाटत नाही. तू स्वतः जा, कागदावर लिहून विचार.

एक मात्र स्पष्ट सांगते. या तक्रारीतून तीच नोकरी तुझ्या हातात पडेल अशी आशा धरू नकोस. मामल्याला वेळ लागतो. पण पुढच्या मुलीचा मेल तिथे आला तर तो उघडला तरी जाईल. तुला त्यात ताकद घालायची की नाही ते तू ठरव. घालणार नसशील तर मी तुला कमी लेखणार नाही. आणि काहीही ठरवलंस तरी ते गुरुवार झाल्यावर कर.

मार्केट यार्डातल्या पेढीला नाही म्हणालीस ना? पत्रात स्पष्ट नाही, पण मी तसं धरून चालते. बरं केलंस. त्याच कामाला निम्मा पगार, तोही कानांमुळे, हा भेदभावच. 'घरचं आहेच की' हे त्यांनी तुझ्या भावाला ऐकवलं नसतं. आणि आज 8,000 वर बसलीस की पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो, आधीचा पगार किती? तो आकडा वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. मी स्वतः लोकांचे पगार असेच ठरवत आले आहे.

बाणेरच्या प्रश्नाने मात्र मला जास्त अस्वस्थ केलं. त्यात एकाच वाक्यात दोन दारं बंद आहेत, ऐकण्याचं आणि बाईपणाचं. याच कानांचा मुलगा समोर असता तर 'उशीर झाला तर जबाबदारी कोणाची' असं त्याच्या वडिलांना कोणी विचारलं असतं का? 2011 च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांग पुरुषांपैकी 47 टक्के कुठलं ना कुठलं काम करत होते, दिव्यांग स्त्रियांपैकी 23 टक्के. निम्म्याहूनही कमी. कान, डोळे, पाय यांचं दुखणं तर दोघांना सारखंच. मग हा फरक येतो कुठून? थोडा बाणेरच्या टेबलावरून येतो आणि थोडा, राग मानू नकोस, आपल्या घरातून येतो. घराच्या वाट्याबद्दल पुढे लिहिते. जबाबदारीचं उत्तर मात्र पाठ करून ठेव. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिची सुरक्षितता व घरी सोडण्याची व्यवस्था मालकाची असते. साडेनऊपर्यंत तू तुझी येशील-जाशील. कॉलेजला तीन वर्षं कशी जात होतीस? तेवढंच त्यांना सांग.

प्रत्येक नकार हा भेदभाव असतो असं मी म्हणणार नाही. 11 पैकी काही ठिकाणी तुझ्यापेक्षा जास्त अनुभवाचं माणूस मिळालं असेल. ओळखायचं कसं? मुलाखतीत प्रश्न कशाबद्दल होते ते आठव. जीएसटीबद्दल, टॅलीबद्दल, टीडीएसबद्दल विचारून मग नाही म्हणाले असतील तर वाईट वाटून घे आणि पुढे जा. पूर्ण वीस मिनिटं फक्त कान, लग्न आणि येणं-जाणं झालं असेल तर घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते शब्दशः लिहून ठेव. कॉल सेंटरने फोनवर बोलायच्या जागेसाठी नाही म्हटलं तर त्याला कामाशी जोडलेलं कारण आहे. हिशेबनीसाच्या जागेला ते कारण लागू पडत नाही.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस. सात महिने तू घरी येऊन तोंड पाडून बसतेस ते ती बघतेय. 'लग्नाचं बघू' यात तिला तुला कोणाच्या तरी हाती सुखरूप सोपवायचंय. तिला एवढंच विचार की लग्न झालं आणि तिथे काही बिनसलं तर माझ्या हातात काय असेल? लग्न नको असं म्हणायची गरज नाही, पण स्वतःचा पगार असलेल्या मुलीला 'हिला करून घेतलं हेच उपकार' असं सहज ऐकवता येत नाही. तुला पसंत करणाऱ्याने तुझ्यावर दया केली असं वाटणारं घर तुला नको, आणि तुझ्या आईलाही नको असेल.

आणि तिला एका आईची गोष्ट सांग. मध्य प्रदेशात एक नियम होता की न्यायाधीशाच्या परीक्षेला दृष्टिहीन उमेदवार चालणार नाही. अशा एका उमेदवाराच्या आईने थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि 3 मार्च 2025 ला निकाल दिला की केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही. तो नियम रद्द झाला. तिथेही सुरुवात आईच्या काळजीतूनच झाली होती, फक्त तिने ती काळजी पत्रात उतरवली.

आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव तू ऐकलं असशील. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. 2016 साली लागलेल्या यूपीएससीच्या निकालात 773 वा क्रमांक आला, रेल्वेच्या लेखा सेवेसाठी निवड झाली आणि दिसत नाही म्हणून ती जागा नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत 124 वा क्रमांक आणून त्या आयएएस झाल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, तरी हे नाव लिहिताना हात थोडा अडखळतो. आपल्याकडे अशा मुलींची उदाहरणं देऊन बाकीच्यांच्या डोक्यावर ओझं ठेवलं जातं, की तूही असं काहीतरी अचाट करून दाखव, मग तुला माणसात घेऊ. तुला अचाट काही करायचं नाही. तुला महिन्याच्या 20 तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न बिनचूक भरायचंय आणि एक तारखेला पगार घ्यायचाय. बाकीच्या मुली साधारण हुशारीवर नोकरी मिळवतात, तशी तुलाही मिळाली पाहिजे. त्यासाठी दुप्पट हुशार असायची अट नको.

सरकारी नोकरीचा विचार केला आहेस का? सरकारी जागांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का कर्णबधिर आणि ऐकण्यास कठीण जाणाऱ्यांसाठी. खाजगीत असं आरक्षण नाही. गुरुवारनंतर लेखा सहायक, लिपिक यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. पण त्यासाठी खाजगी अर्ज थांबवू नकोस, जाहिरात आणि नेमणूक यांच्या मध्ये वर्षं जातात.

गुरुवारचं आता. मंगळवारीच त्या सीए फर्मला मेल टाक. इंग्रजीत लिहायचा असेल तर इंग्रजीत लिही, मजकूर असा असू दे:

'गुरुवारी मुलाखतीला येत आहे. मला ऐकू कमी येतं, मी यंत्र वापरते, ओठ वाचते आणि बोलते. त्यासाठी तीन गोष्टी हव्या आहेत: बोलणाऱ्याने माझ्याकडे तोंड करून बोलावं, एका वेळी एकानेच बोलावं आणि आकडे कागदावर लिहून दाखवावेत. रोजच्या कामात मी मेल आणि व्हॉट्सॲपवर काम घेते, ऑनलाइन मीटिंगला स्क्रीनवर उमटणारी अक्षरं चालू ठेवते. याच पद्धतीने मी दीड वर्ष बिलं आणि रिटर्नची कामं केली आहेत.'

बघ, यात माफी नाही आणि विनवणीही नाही. वाचणाऱ्याला मनाने काही रंगवायला जागा उरत नाही, कारण उत्तर तू आधीच देऊन टाकलंस. बायोडेटात मात्र अपंगत्व पहिल्या ओळीत लिहायची गरज नाही. तिथे टॅली, जीएसटी आणि दीड वर्षांचं काम वर येऊ दे.

पप्पांना बरोबर आणलंस तरी आत आणू नकोस, खाली चहाच्या टपरीवर बसव. ते खोलीत असले की सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात. पूर्वी भरलेल्या रिटर्नचा एक नमुना, नावं झाकून, छापून ने. बोलण्यात कुठे अडकलीस तर कागद पुढे सरकवता येईल. यंत्राच्या नव्या बॅटऱ्या बुधवारी रात्रीच घाल.

आत गेल्यावर आधी उजेड कुठून येतो ते बघ. खिडकी त्यांच्या पाठीमागे असेल तर त्यांचा चेहरा काळोखात जाईल आणि तुला ओठ दिसणार नाहीत. तेव्हा बसायच्या आधीच विचार, 'मी खुर्ची या बाजूला घेऊ का? तुमचा चेहरा दिसला की मला नीट कळतं.' ते खुर्ची कशी हलवू देतात, त्यावरून तिथे काम करायचं की नाही हे तुलाही ठरवता येईल. शुक्रवारी काय झालं ते मला कळव.